नाव एक, माणसे अनेक

शाळेच्या हजेरीपटावर एकाच नावाची दोन मुले असणे ही शिक्षकाला काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. पण मुलाचे नाव एक, वडिलांचे नाव एक आणि आडनावही एक, असा योग क्वचितच येतो. वीस-एक वर्षांपूर्वी तो आमच्या वाट्याला आला. एक मुलगा आठवीच्या 'अ' तुकडीत होता, दुसरा 'ब' तुकडीत. नात्याने ते एकमेकांचे कोणी नव्हते. एके दिवशी प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक यंत्र मोडल्याची तक्रार आमच्या टेबलावर आली. कागदावर नाव होते, तुकडी नव्हती. आम्ही अधिक चौकशी न करता दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी 'अ' तुकडीतील मुलाला पुढे बोलावले आणि सर्वांदेखत चार कठोर शब्द सुनावले. मुलगा मान खाली घालून उभा राहिला. संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्याचा नामबंधू आमच्या दाराशी आला आणि डोळे पुशीत म्हणाला, "सर, ते माझ्या हातून झालं." आम्ही पहिल्या मुलाला बोलावून विचारले, "अरे, मग तू बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "सर, तुम्ही नाव तर माझंच घेतलं होतंत."

हे उत्तर आमच्या मनातून आजवर गेलेले नाही. पुढे इंग्लंडचा इतिहास वाचण्याचा छंद लागला, तेव्हा तर त्या मुलाची आठवण पानोपानी होऊ लागली. कारण एका नावाखाली अनेक माणसे उभी असलेला असा दुसरा इतिहास आमच्या पाहण्यात नाही.

याचे मूळ शोधू गेल्यास आपण इ. स. 1066 या सालापाशी येऊन पोहोचतो. त्या वर्षी नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यापूर्वी तेथे एथेलरेड, वुल्फस्टन, गॉडविन अशी अस्सल देशी नावे चालत. राज्यकर्ते बदलले तशी काही पिढ्यांत नावेही बदलली. एडवर्डसारखी थोडी जुनी नावे टिकून राहिली; पण बाकी सर्वत्र विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री हेच ऐकू येऊ लागले आणि त्यांच्या जोडीला जॉन, टॉमस ही संतांची नावे आली. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याने आपलेच नाव बालकाला देण्याचा प्रघात होता. त्यामुळे नावांचा साठा आणखीच आकसला. मग एका जॉनला दुसऱ्या जॉनपासून ओळखायचे कसे? कोणाला त्याच्या धंद्यावरून लोहार म्हणजे स्मिथ म्हणू लागले, कोणाला बापावरून जॉन्सन, तर कोणाला गावावरून. इंग्रजी आडनावांचा मोठा भाग या अडचणीतून जन्मला. राजांना आकडे द्यावे लागले. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या गादीवर आठ हेन्री होऊन गेले होते.

आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याही घरांत आहे. आमच्या इंदूरच्या गादीवर तीन तुकोजीराव आणि दोन यशवंतराव झाले. पुण्याच्या पेशवाईत दोन बाजीराव आणि दोन माधवराव. थोरल्या बाजीरावाचा पराक्रम शेवटच्या बाजीरावाच्या खात्यावर जमा करणाऱ्या उत्तरपत्रिका आम्ही दरवर्षी तपासल्या आहेत. परंतु आपण निदान 'थोरले', 'धाकटे', 'सवाई' असे म्हणून वाट मोकळी करून घेतो. इंग्लंडातील एका घराण्याने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

ते घराणे नॉरफॉक परगण्यातील पास्टन यांचे. पंधराव्या शतकातील या कुटुंबाची शेकडो पत्रे सुदैवाने जपली गेली आहेत. घरचा कर्ता जॉन पास्टन (1421–1466) हा वकील. त्याला 1442 मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव जॉन. 1444 मध्ये दुसरा झाला, त्याचेही नाव जॉन! पहिला हयात असताना दुसऱ्याला तेच नाव मिळाले आणि दोघे भाऊ एका नावाने वाढले. थोरल्याला 1463 मध्ये 'सर' ही पदवी मिळाली आणि तो बहुधा लंडनात, दरबाराच्या सावलीत राहिला. धाकटा गावाकडे राहून शेतीवाडी व कोर्टकज्जे सांभाळीत असे. 1469 मध्ये नॉरफॉकच्या ड्यूकने पास्टनांच्या ताब्यातील केस्टर येथील गढीला वेढा घातला. थोरला जॉन लंडनात मदतीसाठी खटपट करीत होता आणि धाकटा जॉन मूठभर माणसांनिशी गढी लढवीत होता. काही आठवड्यांनी त्याला ती सोडावी लागली. ड्यूकच्या मृत्यूनंतर 1476 मध्ये गढी परत मिळाली. 1477 च्या फेब्रुवारीत मार्जरी ब्रूज या तरुणीने आपल्या प्रियकराला व्हॅलेंटाईनच्या निमित्ताने जे पत्र लिहिले, आणि जे इंग्रजी भाषेतील अशा प्रकारचे सर्वांत जुने उपलब्ध पत्र मानले जाते, तेही जॉन पास्टनलाच, पण धाकट्या. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. थोरला अविवाहित राहून 1479 मध्ये वारला आणि सारी मालमत्ता धाकट्याकडे आली. आता कोणी नुसते 'जॉन पास्टन' म्हणून इतिहास लिहील, तर वेढ्यात उपाशी राहिलेल्याचे श्रेय लंडनात बसलेल्याला जाईल. अभ्यासक आज या तिघांना पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे देतात ते उगीच नव्हे.

हा घोटाळा दोन माणसांनी समजुतीने कसा सोडवावा, याचे एक गोड उदाहरण पुढच्या काळात सापडते. 1899 मध्ये विन्स्टन चर्चिल या चोवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाला कळले, की अमेरिकेत विन्स्टन चर्चिल याच नावाचा एक कादंबरीकार आहे आणि त्याची पुस्तके गाजत आहेत. हा तरुणही लेखनावरच पोट भरू पाहत होता. त्याने त्या लेखकाला पत्र लिहून कळवले, की यापुढे आपल्या पुस्तकांवर आपण 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' असे नाव घालू. अमेरिकन गृहस्थानेही तितक्याच सौजन्याने उत्तर दिले. गंमत अशी, की ज्या पूर्वजावरून हे नाव चालत आले, तो सर विन्स्टन चर्चिल (1620–1688) सतराव्या शतकातच होऊन गेला होता. मार्लबरोच्या सुप्रसिद्ध पहिल्या ड्यूकचा तो पिता. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या पुरुषाच्या ग्रंथांवर ते मधले अक्षर शेवटपर्यंत राहिले.

परंतु नाव आणि माणूस यांच्या नात्याची खरी कसोटी पाहायची, तर टॉमस या नावाकडे वळावे लागते. राजा दुसरा हेन्री याने टॉमस बेकेट या आपल्या विश्वासू चॅन्सलरला, म्हणजे राज्याच्या मुख्य कारभाऱ्याला, 1162 मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप केले. त्या आसनावर बसताच बेकेट धर्मसत्तेच्या हक्कांसाठी राजाविरुद्ध उभा राहिला. 29 डिसेंबर 1170 रोजी चार सरदारांनी त्याला त्याच्याच चर्चमध्ये ठार केले. 1173 मध्ये तो संत ठरला आणि खुद्द राजाला पुढच्या वर्षी त्याच्या समाधीपाशी प्रायश्चित्त घ्यावे लागले. तेव्हापासून इंग्लंडात घरोघर टॉमस जन्मू लागले.

साडेतीनशे वर्षांनी आठव्या हेन्रीच्या दरबारात पाहावे तर चार मोठे टॉमस! टॉमस वूल्झी हा राजाचा सर्वशक्तिमान चॅन्सलर. राजाला पहिल्या पत्नीपासून मोकळे करणे त्याला साधले नाही म्हणून तो 1529 मध्ये पदच्युत झाला आणि पुढच्या वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली लंडनला नेले जात असताना वाटेतच वारला. त्याच्या जागी आला 'युटोपिया'कार टॉमस मोर. राजा हाच धर्माचा प्रमुख, ही शपथ घेण्यास त्याने नकार दिला. टॉमस क्रॉमवेल याने त्याची चौकशी चालवली आणि 6 जुलै 1535 रोजी मोरचा शिरच्छेद झाला. दुसऱ्या दिवशी, 7 जुलैला, बेकेटच्या अस्थी नव्या समाधीत हलवल्याचा उत्सव असे. मृत्यूच्या आदल्या दिवशी मोरने आपल्या मुलीला लिहिले, की उद्या संत टॉमसच्या सणाची पूर्वसंध्या आहे आणि त्याच दिवशी देवाघरी जाण्याची आपली इच्छा आहे. आपल्या नावाचे मोल त्याला ठाऊक होते.

आणि क्रॉमवेल? 1538 मध्ये त्याच्या कारभारात बेकेटची समाधी उद्ध्वस्त झाली. बेकेटला कोणी संत म्हणू नये, त्याचे नाव प्रार्थनेच्या पुस्तकांतून खोडून टाकावे, असा राजाचा हुकूम निघाला. खोडण्याचा कारभार पाहणाऱ्याचे नावही टॉमसच! 28 जुलै 1540 रोजी त्याच राजाने त्याचाही शिरच्छेद करवला. उरला टॉमस क्रॅन्मर, बेकेटच्याच आसनावरचा आर्चबिशप. राणी मेरीच्या काळात त्याने प्राणभयाने आपली मते मागे घेतली. पण 21 मार्च 1556 रोजी ऑक्सफर्ड येथे चितेवर उभे केले असता, ती माघार ज्या हाताने लिहिली तो उजवा हात त्याने आधी ज्वाळांत धरला. एकच नाव, पण कोणी निष्ठा राखली, कोणी कारभार राखला, कोणी आधी डगमगला आणि मग सावरला. नावाने कोणाला धैर्य दिले नाही आणि कोणाला वाचवलेही नाही. ज्याचे कर्म त्याच्याच खात्यावर पडले.

या क्रॉमवेलची आणखी एक गोष्ट आम्हां शाळामास्तरांना विसरता येणार नाही. त्याच 1538 साली त्याने आज्ञा काढली, की प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. इंग्लंडातील सामान्य माणसाचे नाव नियमाने कागदावर चढू लागले ते तेव्हापासून. एका संताचे नाव खोडले जात असताना शेतकऱ्यांच्या आणि लोहारांच्या घरचे टॉमस एकेक करून वहीत उतरू लागले. त्या वह्यांचा खरा उपयोग हाच, की अमुक जॉन म्हणजे तमुक जॉन नव्हे, हे सांगता यावे.

आम्हीही त्या संध्याकाळी असेच एक काम केले. दाखल-खारीज रजिस्टर काढून त्या दोन मुलांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. जन्मतारखा निराळ्या, पत्ते निराळे, आणि दोघांच्या आयाही अर्थातच निराळ्या. पण त्या काळी आमच्या रजिस्टरात आईचे नाव लिहिण्याची पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आम्ही पहिल्या मुलाला पुन्हा पुढे बोलावले आणि सर्व शाळेदेखत सांगितले, "काल चूक आमची झाली. नाव याचे होते, काम याचे नव्हते." खरे बोलल्याबद्दल दुसऱ्याची पाठही थोपटली. पहिला मुलगा तेव्हाही मान खालीच घालून उभा होता. मात्र जागेवर परत जाताना त्याने ती वर केली.

आता दाखल्यावर आईचेही नाव असते. नव्या मुलाचे नाव रजिस्टरात चढवताना आम्ही तो रकाना आधी भरून घेतो.