ओसरीवरचा निबंध

पोर्तुगीज अमदानीत आमच्याकडे मराठी शाळा देवळात किंवा कुणाच्या तरी ओसरीवर भरत. आज शाळेला इमारत आहे. निबंधासाठी मात्र आम्हांला पुन्हा ओसरीच गाठावी लागली. वर्गात 'पावसाळ्यातील एक दिवस' म्हटले की सगळ्या वह्यांत गाइडमधलाच पाऊस!

डिचोलीतले पुष्कळसे मूल घरी कोकणी बोलते, शाळेत मराठी लिहिते. एकाने लिहिले होते, 'व्हाळाला हुंवार आला.' आम्ही तांबड्या शाईने 'ओढ्याला पूर' केले. पुढच्या वेळी पठ्ठ्याने गाइडच उतरवून आणले. चूक आमची होती. मग त्याला एकट्याला समोर बसवून म्हटले, "कोकणीतच सांग रे." बाजारात शिरलेले पाणी, खाणीकडचा तांबडा चिखल, भिजलेले दप्तर, सगळे भराभर आले. क्रियापदे सुधारली; व्हाळ राहू दिला.

समितीतले काही मित्र यावर रागावतील. १९८७ च्या राजभाषा कायद्यावर सभांतून आम्हीही तावातावाने बोलतो. पण बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली, हे त्या मुलाला कुणी सांगितलेच नव्हते. ओसरीवर त्यांची कविता तो मोठ्याने वाचू लागला, अडला, अर्थ विचारू लागला. वर्गात त्याने कधी हात वर केला नव्हता.