घरच्या घरी सुकी फळे

मनुका, अंजीर, जर्दाळू ही सुकी फळे आपण सर्वजण आवडीने खातो. उर्दूत ज्याला आपण खुबानी म्हणतो, तेच मराठीतले जर्दाळू. हा शब्द फारसीतून आला आहे. ‘जर्द’ म्हणजे पिवळा.

ताजी द्राक्षे काही दिवसांत खराब होतात. त्यांचेच बेदाणे मात्र कित्येक महिने टिकतात. असे का होते? बुरशीला व जिवाणूंना वाढण्यासाठी पाणी लागते. द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी असते. बेदाण्यात ते १५ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणूनच चार किलो द्राक्षांपासून जेमतेम एक किलो बेदाणा मिळतो. सांगली जिल्ह्यातील तासगाव बेदाण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे द्राक्षे शेडमध्ये जाळ्यांवर पसरून सावलीत वाळवतात. कोरडी, खेळती हवाच तेथे खरे काम करते.

आजकाल काही घरांत एअर फ्रायर असतो. नावात तळणे असले, तरी हे यंत्र काही तळत नाही! त्यातील पंखा गरम हवा वेगाने फिरवतो. अशी हवा फळांतील पाणी घेऊन बाहेर पडते.

सफरचंदाच्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. त्या लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवा, म्हणजे काळ्या पडणार नाहीत. मग पुसून जाळीवर एकाच थरात मांडा. हलक्या चकत्या वाऱ्याने उडतात, म्हणून त्यांवर दुसरी जाळी ठेवा. तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअस हवे. फळे वाळायला बरेच तास लागतात. तेवढा वेळ घरातील मोठे माणूस जवळ असावे.

घाई करून तापमान वाढवू नका. वरची साल चटकन कडक होते आणि आतले पाणी आतच अडकते. फळ वाळलेले दिसते, पण पुढे त्याला आतून बुरशी येते. काही यंत्रांचे तापमान ८० अंशांच्या खाली जातच नाही. अशा यंत्रापेक्षा उन्हाळ्यातले कडक ऊन बरे.

चकती थंड झाल्यावर मधोमध मोडून पाहा. ओलावा दिसता कामा नये. मग चकत्या काचेच्या बरणीत सैलसर भरा आणि आठवडाभर रोज हलवा. काचेवर आतून पाण्याचे थेंब दिसले, तर चकत्या पुन्हा वाळवा. बुरशी दिसली, तर मात्र सगळी बरणी रिकामी करून चकत्या टाकून द्या.