रूथ आणि तिचा सरवा

सुगी आटोपली म्हणजे आपल्या वऱ्हाडात मोकळ्या शेतांतून गरीब बायका मागे राहिलेली कणसे वेचताना दिसतात. त्यास आपण सरवा वेचणे म्हणतो. मराठी पवित्र शास्त्रात रूथ ज्या कामास जाते त्यासही हाच शब्द योजिला आहे. तेव्हा बुलढाणे जिल्ह्यातील वाचकांस तिची कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर. त्याच घरी दुष्काळ पडला आणि नामी पती व दोन पुत्रांसह मवाब देशी गेली. तेथे ते तिघेही वारले. परत निघताना तिने दोन्ही विधवा सुनांस आपापल्या मातृगृही जाण्यास सांगितले. अर्पा रडत परतली. तिला दोष देणे आम्हांस रुचत नाही, कारण तिने वडीलधाऱ्या स्त्रीची आज्ञाच पाळली. रूथ मात्र हटेना. सासूचे लोक ते आपले लोक, सासूचा देव तो आपला देव, असे तिने शपथपूर्वक सांगितले.

ही शपथ सर्वांच्या तोंडी आहे. परंतु रूथची खरी पारख पुढेच झाली. मृतसमुद्राचा काठ समुद्रसपाटीहून सुमारे 430 मीटर खाली, तर बेथलेहेम तीहून साडेसातशे मीटरांवर वर. आपला घाट पायी चढणाऱ्यास या वाटेची थोडी कल्पना येईल. एवढे चालून गावात पोचताच नामी बायांस म्हणाली की, मी भरलेली गेले होते, ती रिकामी आले. रूथ शेजारीच उभी होती! तिने काही उत्तर दिल्याचे शास्त्रात नाही.

शेताच्या कडा कापू नयेत, गळलेले वेचू नये, ते गरीब, परदेशी व विधवा यांचे, असा मोशेचा नियम होता. तरी मवाबी लोकांस दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये, असेही त्याच नियमशास्त्रात लिहिले होते. म्हणून रूथने हक्क सांगितला नाही. कापणी करणाऱ्यांवरील मुकादमाची परवानगी मागितली. देवाने तिला दर्शन दिले नाही की वाणी ऐकविली नाही. तिच्यापुढे होते ते केवळ रोजचे शेत.

दुपारी शेतधनी बवाज याने तिला भाजलेले धान्य, म्हणजे आपला हुरडाच म्हणा ना, दिले. ती पोटभर जेवली, उरलेले जपून ठेविले आणि सायंकाळी सासूच्या हाती दिले. ग्रंथकर्त्याने हे जाता जाता सांगितले आहे. आम्हांस मात्र त्या शपथेहून हे उरलेले मूठभर धान्यच अधिक बोलके वाटते. सातूची कापणी संपली, गव्हाची संपली, तोवर हाच क्रम चालला.

पुढे बवाजाशी तिचा विवाह झाला व ओबेद जन्मला. हाच दाविदाचा आजा. तेव्हा शेजारणी नामीस म्हणाल्या की, ही सून तुला सात पुत्रांहून अधिक आहे. नामीने बाळास उराशी घेतले आणि तीच त्याची दाई झाली.