पडीक म्हणू नका, माळ जागा आहे! सकाळच्या फेरीत काय दिसतं, कसं ओळखायचं?

बारामती, इंदापूर, दौंडच्या जिरायत भागात गाव सोडलं की माळ लागतो. लोकांच्या तोंडी ती 'पडीक जमीन'. पण उजाडताना तासभर पायवाटेनं चाललं, की इथं किती जणांचा संसार आहे ते कळतं. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये चिंकारांसाठी राखलं गेलं. त्याचं क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. प्राणी मात्र हद्द ओळखत नाहीत, ते गावोगावच्या माळावरही वावरतात.

कोण कसं ओळखायचं?

चिंकारा : अंग लालसर तपकिरी, शेपूट काळी आणि सतत हलती. शिंगं जवळजवळ सरळ. काळविटाची पिळदार असतात. धोका वाटला की चिंकारा पाय आपटतो आणि शिंकल्यासारखा आवाज काढतो.

खोकड : कोल्ह्यापेक्षा बरंच लहान, शेपटीचं टोक काळं. बिळाला बहुधा एकाहून जास्त तोंडं असतात. उंदीर आणि किडे खातं, म्हणजे शेतकऱ्याचं कामच करतं.

लांडगा : लांबून गावठी कुत्र्यासारखा वाटतो. पण पाय लांब, अंग सडपातळ आणि शेपूट सहसा खाली. शेळी-मेंढी मारली तर वन विभागाला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाईची तरतूद आहे.

डोंबारी चंडोल : चिमणीएवढा पक्षी. नर सरळ वर चढतो आणि शिट्टी घालत खाली सूर मारतो. या कसरतीवरूनच हे नाव.

भोवत्या : हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारा शिकारी पक्षी. गवतावरून अगदी खालून तरंगत जातो, नाकतोडे टिपतो आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतो.

टिटवी ओरडते कशाला?

टिटवी ओरडली की अनेक जण अपशकुन मानतात. खरं तर माणूस तिच्या अंड्यांजवळ गेलेला असतो. ती घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवरच्या खळग्यात बहुधा चार अंडी घालते, तीही खड्यांच्या रंगाची. मार्च ते ऑगस्ट हा तिचा हंगाम. ती डोक्यावर घिरट्या घालू लागली, की आल्या वाटेनं मागं फिरावं. नाहीतर अंडी पायाखाली जातात.

माळाचे बरेच पक्षी असे जमिनीवरच वाढतात. म्हणून उन्हाळ्यात गवत पेटवलं की पिल्लांसह सगळं जळतं. चर खणून दाट झाडं लावली तरी नुकसानच, कारण सावलीत गवत टिकत नाही आणि या जिवांना मोकळं रानच लागतं. माळढोकाचं उदाहरण समोर आहे. एका वेळी बहुधा एकच अंडं, तेही जमिनीवर घालणाऱ्या या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. तरी आज सोलापूरच्या माळावर तो दिसणं दुर्मीळ झालंय.

फेरीला निघताना

• सूर्योदयाच्या सुमाराला जा, मळकट रंगाचे कपडे घाला.
• पायवाट सोडू नका. कुत्रं बरोबर नेऊ नका.
• बिळाचा, अंड्यांचा फोटो ठिकाणासह ग्रुपवर टाकू नका.
• जखमी प्राणी दिसला किंवा शिकारीचा संशय आला, तर वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.