देवडीवरची बारनिशी

जो सातबारा सेतू केंद्रात मिळतो, तोच घरबसल्या मोबाइलवर उतरतो आणि पीककर्जाच्या वेळी बँकेलाही पाहता येतो. तर मग हा उतारा तीन ठिकाणी ठेवलेला असतो काय, असा प्रश्न परभणीच्या एका वाचकांनी विचारला आहे. तसा तो ठेवावा लागत नाही. मात्र ते कसे साधते हे पाहण्यासाठी संगणकाआधी कचेरीच्या बारनिशीत, म्हणजे आवक-जावक कागदांच्या नोंदशाखेत, डोकावलेले बरे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा निराळा झाला, तेव्हा वसमत-कळमनुरीकडील दप्तरांचे मुक्काम बदलले, पण लोकांची सवय एका हुकुमाने बदलत नसते. कळमनुरीच्या एखाद्या वृद्ध खातेदाराने जुन्या सवयीने परभणीच्या पत्त्यावर अर्ज धाडला असे समजा. बारनिशीचा कारकून जाणता असेल, तर तो मजकूर पाहून कागद कोणत्या शाखेचा ते ठरवील आणि मग ती शाखा आज कोठे बसते ते पाहून त्याची रवानगी करील. या दोन गोष्टी, म्हणजे कोणता कागद कोणाचा आणि तो 'कोण' सध्या कोठे, त्याने दोन निराळ्या वह्यांत लिहिल्या असतील, तर दप्तर हिंगोलीस गेल्यावर एकाच वहीतील एकच ओळ खोडावी लागते, आणि अर्जदारास त्याची वार्ताही लागत नाही.

संगणकांच्या देवडीवर बसणाऱ्या ज्या कारकुनास 'एपीआय गेटवे' म्हणतात, त्याच्याही अशाच दोन वह्या असतात. 'सर्व्हिस' या नोंदीत मूळ यंत्राचा पत्ता आणि उत्तराची वाट किती वेळ पाहावयाची ती मुदत. 'रूट' या नोंदीत कोणत्या वाटेने आलेली मागणी त्या सर्व्हिसकडे न्यावयाची तो नियम. सातबाऱ्याची सेवा एक; सेतू, मोबाइल, बँक अशा वाटा तीन! सामायिक निर्बंध सर्व्हिसवर लिहावा, म्हणजे तो तिन्ही वाटांना लागू होतो. बँकेच्या वाटेला मिनिटास अधिक मागण्यांची मुभा द्यावयाची असेल, तर ती त्या वाटेच्याच नोंदीत लिहावी, कारण खास हुकूम सर्वसाधारण हुकुमावर चालतो, हा कचेरीचा शिरस्ता येथेही पाळला जातो. 'काँग' नावाच्या प्रसिद्ध गेटवेत ही फोड २०१८ साली आली. तोवर पत्ता आणि वाट एकाच नोंदीत नांदत, आणि वाटेगणिक निराळा निर्बंध हवा असेल, तर पत्त्यासकट सगळी नोंद पुन्हा लिहावी लागे.

ही फोड नवलाईची म्हणून मिरविणाऱ्या जाहिरातींत संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांचे नाव मला अद्याप आढळलेले नाही, याचा विषाद वाटतो. परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले त्याच १९७२ साली या गृहस्थांनी, शब्दसूची तयार करण्याच्या एका साध्या कार्यक्रमाचे उदाहरण घेऊन, असे प्रतिपादन केले की कार्यक्रमाचे तुकडे कामाच्या क्रमाने पाडू नयेत. जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, तो एकेका तुकड्याच्या पोटात असा दडवावा की इतरांना त्याचा पत्ताच लागू नये. यंत्राचा पत्ता हा अशा बदलत्या निर्णयांचा मुकुटमणी होय, आणि गेटवेने तोच पोटात घातला आहे.

व्यवहारात मात्र घोटाळा होतो तो फार क्षुल्लक ठिकाणी. 'काँग' आपण होऊन, ज्या उपसर्गावरून वाट ओळखली तो पत्त्यातून छाटून उरलेलाच पुढे धाडतो, जणू वरचा लखोटा फाडून आतला कागद तेवढा शाखेत द्यावा. परंतु एखाद्या शाखेला लखोट्यासकटच कागद हवा असला, तर ती 'असे येथे काही नाही' म्हणून तो परत करते, आणि तो उपसर्ग राखण्याचे एक कळसूत्र नोंदीतच आहे, हे ठाऊक नसलेला तंत्रज्ञ दिवसभर मूळ यंत्रातच दोष धुंडाळीत बसतो.

आणखी एक सांगितले पाहिजे, कारण गेटवे बसविला की कारभार शुद्ध झाला असे बोलण्याची हल्ली रीत पडली आहे. सामायिक नोंदीतील एक चुकलेली मुदत तिन्ही वाटा एकदम अडविते. आणि सातबाऱ्यावर क्षेत्रच चुकीचे चढले असेल, तर देवडी ते तितक्याच तत्परतेने तिन्हीकडे पोचविते. लेखनप्रमादाने झालेल्या अशा चुकीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडेच अर्ज करावा लागतो. आणि तो कागदी असेल, तर त्यावर पहिला शिक्का बारनिशीचा पडतो.