पायी पाहिलेली दिल्ली

पती-पत्नीने सहलीला जावे, ही गोष्ट आपल्याकडे अजूनही लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापुरतीच मानली जाते. पुढे मुले, त्यांच्या शाळा, घरातील आजारपणे आणि नातेवाइकांची लग्ने. त्यात घरधनी चळवळीत असला तर विचारूच नका! आमच्या लग्नाला बावीस वर्षे झाली. या काळात आम्ही दोघे बरोबर फिरलो ते नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी आणि पाहुण्यांची गावे. तेथेही मी कार्यकर्त्यांच्या घोळक्यात आणि सहचारिणी भोजनदानाच्या भांड्यांपाशी.

गेल्या हिवाळ्यात थोरली मुलगी एकदा सहज बोलून गेली, "पप्पा, तुम्ही गावभर सगळ्यांना वेळ देता, मम्मीला कधी देणार?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्याच दिवशी कार्यालयात रजेचा अर्ज टाकला आणि फेब्रुवारीतील दिल्लीची दोन तिकिटे काढली. बाबासाहेबांचे शेवटचे निवासस्थान पाहावे, ही दोघांचीही जुनी इच्छा होती. सहचारिणीने मात्र एक अट घातली. "गाडी करून दिवसात दहा ठिकाणी पळवू नका. मोजकं पाहू, पण पायी पाहू. आणि मोर्चात चालता तसं चालू नका."

पहाडगंजमध्ये एका साध्या लॉजवर उतरलो. लांबच्या अंतराला मेट्रो आणि तेथून पुढे पायी, असा चार दिवसांचा बेत ठरला.

चांदनी चौकात चुकामूक

पहिला दिवस जुन्या दिल्लीचा. शहाजहानने १६३९ साली लाल किल्ल्याचा पाया घातला. १६४८ मध्ये किल्ला पूर्ण झाला आणि त्याच्यासमोर नवी राजधानी वसली. चांदनी चौक हा बाजार त्याची मुलगी जहाँआरा हिने आखला. किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा हा रस्ता सव्वा-दीड किलोमीटरचा आहे. २०२१ पासून तेथे दिवसा मोटारगाड्यांना बंदी आहे. त्यामुळे पायी चालणाऱ्याला मान वर करून जुन्या माड्या पाहता येतात. वाटेत गुरुद्वारा सीसगंज लागतो. औरंगजेबाच्या काळात, १६७५ साली, गुरू तेगबहादूर यांना येथे शिरच्छेदाची शिक्षा झाली. तेथील लंगरमध्ये आम्ही पंगतीला बसलो. शेजारी कोण बसले आहे, हे कोणी कोणाला विचारीत नव्हते.

फतेहपुरीच्या पलीकडे खारी बावली हा मसाल्यांचा मोठा बाजार आहे. पाठीवर पोती घेतलेले हमाल, हातगाड्या, हवेत मिरचीचा ठसका. मी नेहमीच्या सवयीने पुढे चालत होतो, या शहराचा इतिहास सांगत होतो. काही वेळाने मागे वळून पाहिले तर ही नाही! तिचा मोबाईल माझ्याच पिशवीत, पैसेही माझ्याच खिशात. घाम फुटला. तसाच गर्दीतून उलट्या दिशेने धावलो. अर्ध्या तासाने ती चांदनी चौकात एका दगडी बैठकीवर शांतपणे बसलेली दिसली.

"अगं, हाक नाही का मारायची?"

"मारली की. तुम्हाला ऐकू नाही गेली. बावीस वर्षं तुम्ही पुढंच चालताय. आज निदान मागं वळून तरी पाहिलंत."

ती हसत म्हणाली, पण मला हसू आले नाही. मोबाईल आणि निम्मे पैसे तेथेच तिच्या हवाली केले. पुढचे तीन दिवस मी तिच्या बरोबरीने चाललो. तिचा गुडघा दुखतो, जिना उतरताना तिला कठड्याचा आधार लागतो, हे मला दिल्लीत समजले!

फिरोजशाह कोटल्याचा स्तंभ

दुसऱ्या दिवशी दर्यागंजमधून चालत दिल्ली गेट ओलांडून फिरोजशाह कोटला गाठला. क्रिकेटच्या मैदानाला लागूनच चौदाव्या शतकातील पडका किल्ला आहे. तेथे एका तीन मजली इमारतीच्या माथ्यावर सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. उंची सुमारे १३ मीटर. मूळचा तो अंबाल्याकडील टोपरा गावचा. फिरोजशाह तुघलकाने तो कापसात गुंडाळून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवून यमुनेपर्यंत ओढवला आणि नावांमधून दिल्लीला आणला. त्यावर काय लिहिले आहे हे मात्र त्या काळी एकाही पंडिताला वाचता आले नाही. पुढे १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा हा दगड बोलू लागला.

वर जाण्याचा जिना बंद होता, म्हणून खालीच गवतावर बसलो. मी तिला लेखाचा आशय सांगितला. रस्त्याच्या कडेला माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, विसाव्याच्या जागा बांधल्या, असे अशोक त्यात सांगतो. ती म्हणाली, "म्हणजे राजाला पायी चालणाऱ्यांची आठवण होती."

तो दिवस गुरुवार होता. दर गुरुवारी येथे नाना धर्मांचे लोक येतात. किल्ल्याच्या अंधाऱ्या खोल्यांत जिन्न राहतात, असा त्यांचा समज आहे. ते मेणबत्त्या लावतात आणि आपली गाऱ्हाणी कागदावर लिहून कोनाड्यांत ठेवतात. काहीजण तर झेरॉक्स काढून निरनिराळ्या कोनाड्यांत ठेवतात. मी अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारा माणूस. तोंड उघडणार, तोच सहचारिणी म्हणाली, "कचेरीत कुणी ऐकलं असतं तर इथं कशाला आले असते? असे अर्ज तुमच्या टेबलावरही पडून असतात ना?"

मी गप्प झालो. त्याच स्तंभावर आणखी एक लेख आहे. जाणत्या दाईच्या हाती मूल सोपवून आईबाप निर्धास्त होतात, त्या विश्वासाने आपण प्रजेसाठी अधिकारी नेमले आहेत, असे अशोक म्हणतो. बावीसशे वर्षांपूर्वीचे हे शब्द मला माझ्याच खुर्चीविषयी लिहिल्यासारखे वाटले.

२६, अलीपूर रोड

तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेकडील रिजवरचा अशोकाचा दुसरा स्तंभ पाहिला. तो मीरतहून आणलेला. अठराव्या शतकाच्या आरंभी स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले होते. १८६७ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला. तेथून विसावा घेत घेत अलीपूर रोडला आलो.

आज तेथे संविधानाच्या उघड्या ग्रंथाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक आहे. १३ एप्रिल २०१८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. याच जागी ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम त्यांनी अखेरपर्यंत येथेच केले. त्याच दिवशी रात्री पार्थिव विमानाने मुंबईकडे निघाले आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले.

सहचारिणी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "माझी आजी त्या दिवशी अनवाणी चालत चौपाटीवर गेली होती. कडेवर माझी आई होती. आजीनं शेवट पाहिला. मी आज सुरुवात पाहिली." यावर मी काय बोलणार? दोघांनी हात जोडले आणि तेथेच बसून राहिलो.

चौथ्या दिवशी इंडिया गेट व विजय चौक हिंडलो. संविधान सभा जेथे भरली ती गोल इमारत दुरून पाहिली आणि संध्याकाळची गाडी पकडली.

वाचकहो, दिल्लीला जाणार असाल तर फेब्रुवारी-मार्च निवडा. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, हे ध्यानात ठेवा. पायांत मऊ चपला असू द्या, पाण्याची बाटली बरोबर घ्या, दिवसाला एक-दोन ठिकाणेच पाहा. कार्यकर्त्या बांधवांना मात्र माझी एक वेगळी विनंती आहे. पैसे व मोबाईल दोघांच्याही जवळ असू द्यावेत आणि ज्याचा गुडघा दुखतो त्याच्या चालीने चालावे.

परतल्यावर सोमवारी कार्यालयात गेलो. टेबलावर जुन्या अर्जांचा गठ्ठा होता. पहिला मीच सोडला.