विजेची सुई आणि घरची दक्षता

चेहऱ्यावरील नको असलेले केंस हा आपल्या घरांत कुजबुजीचा विषय. म्हणून मालवणची एखादी मुलगी लग्नापूर्वीं कुडाळास वा पणजीस जाऊन विजेच्या सुईनें ते काढवून घेते, तेव्हां चौकशी करावयास लाजते. ही लाज महाग पडूं शकते.

१८७५ सालीं अमेरिकेंतील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल ह्यांनीं डोळ्यांत बोचणाऱ्या पापणीच्या केंसांवरील हा उपाय प्रसिद्ध केला. केंसाच्या मुळाशीं शिरलेल्या सुईंतून वीज गेली कीं तेथील मीठपाण्यापासून दाहक सोडा बनतो आणि मूळ नष्ट होतें. अर्थात् सुईस रक्त लागूं शकतें. आणि ‘ब’ काविळीचा विषाणु शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो.

तेव्हां स्पिरिटानें पुसलेली सुई चालणार नाहीं. बंद पाकिटांतील नवी सुई आपल्यासमक्ष उघडावी. चिमटे दाबाच्या वाफेंत १२१ अंशांवर निदान पंधरा मिनिटें निर्जंतुक केलेले असावेत. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेनें यंत्राचे जोड गंजतात. तारेचें वेष्टण फाटलेलें दिसल्यास खुशाल उठून यावें. केंस एकाएकीं वाढले असल्यास किंवा पाळी अनियमित असल्यास प्रथम डॉक्टरांस दाखवावें.

मुलीबरोबर आईनें वा काकूनें जावें. नारळसुद्धां वाजवून घेणाऱ्या गृहिणीनें सुई न पाहतां घ्यावी काय?